लाभ, दोन, तीन

१

अर्जुनराव टाकळकरांनी मोजताना कधी 'एक' म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. चाकणच्या कांदाबाजारात त्यांनी चौतीस वर्षं मापाडी म्हणून काढली. पहिली गोणी काट्यावर चढली की खणखणीत आवाजात 'लाभ', मग दोन, मग तीन. बाजारात ही जुनी रीतच आहे, त्यात नवल काही नाही. नवल हे की निवृत्त झाल्यावरही त्यांची ती खोड सुटली नाही. टपरीवर 'एक चहा' मागायला त्यांची ना नसे. पण ओळीने मोजायला लागले, मग त्या पोळ्या असोत, रक्तदाबाच्या गोळ्या असोत की लिफ्टचे मजले, सुरुवात लाभानेच व्हायची.

"येक म्हनलं की पयला येकटा पडतो," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण, आणि त्यावर उलट विचारायची सोय नव्हती.

या रीतीचा फटका त्यांच्या लेकीला, वर्षालीला, पहिलीतच बसला होता. बाईंनी मणी मोजायला दिले आणि ही ठसक्यात 'लाभ, दोन, तीन' म्हणाली. वर्ग हसला, बाई हसल्या, आणि पुढे दहावीपर्यंत पोरीला 'लाभाबाई' हे नाव चिकटलं. तरी मापाड्याची पोरगी शेवटी मापाडीच झाली. पिंपरीतल्या एका वास्तुविशारदाच्या कचेरीत ती जुन्या-नव्या इमारतींची मोजमापं घेऊन त्यांचे नकाशे काढायची. कांद्याऐवजी भिंती, एवढाच काय तो फरक.

तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि आबा गप्प झाले. गावचं घर बंद करून वर्षालीने त्यांना कासारवाडीच्या आपल्या फ्लॅटवर आणलं, तर दिवसदिवस गॅलरीत बसून रुळांकडे बघत राहायचे. डबे मोजायचे, तेही मनात. जावई गणराज बिचारा शिफ्टवरून येऊन विनोद सांगायचा, तो भिंतीवर आपटून परत यायचा. मग या जानेवारीत तिचा मदतनीस रविराज आजारी पडला आणि टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नाही म्हणून तिने आबांना नेलं. त्या दिवशी आबा जाताना बोलले, येताना बोलले, रात्री जेवताना तर गणराजला बोलू देईनात. तेव्हापासून रविराजने रजा मागितली की वर्षाली वरवर कपाळाला आठी घालायची आणि मनातून खूश व्हायची. तिला आबा परत मिळाले होते, आणि आता ती त्यांना पुन्हा हरवू देणार नव्हती.

त्या शनिवारी रविराजच्या बहिणीचा साखरपुडा होता.

२

चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या बसा आणि ट्रकांच्या रांगा ओलांडून आत वळलं की निंबारवाडी लागते. गावात दोन दरवाजे आहेत. एक जुनी दगडी वेस, चारशे-साडेचारशे वर्षांची. दुसरा तिच्यापासून शंभर पावलांवर, 'गढी हाइट्स' नावाच्या सोसायटीचा, गेल्या दिवाळीतला. बिल्डरला जुनी वेस इतकी आवडली की त्याने तिच्यासारखीच दुसरी बांधून टाकली. तसेच बुरूज, तशीच कमान, वर तसाच नगारखाना, फक्त नगाऱ्याच्या जागी सीसीटीव्ही.

सोसायटीच्या सेक्रेटरी साधनाताई हौशी बाई. दोन्ही दरवाजांचे नकाशे शेजारी शेजारी लावून 'तेव्हा आणि आता' असा मोठा फलक करायचा त्यांनी ठरवलं होतं, आणि सोमवारी त्याचं उद्घाटन होतं. म्हणून वर्षालीला आज दोन्हींची मापं हवी होती, आणि ती बिनचूक हवी होती.

आधी नवा दरवाजा. आबांनी पिशवी उघडली आणि आपल्या पद्धतीने सामान मोजून बाहेर काढलं. "लाभ," टेप. "दोन," लेझर. "तीन," ओळंबा. "चार," बॅटरी. "पाच," वही. काम संपलं की असंच मोजून परत आत. रविराजने दोनदा ओळंबा हरवला होता. आबांच्या राज्यात तशी बिशाद नव्हती.

नव्या दरवाजाचं काम अर्ध्या तासात उरकलं. सहा इंची ब्लॉकची भिंत, वरून दगडासारखा मुलामा. दगडांमधल्या सांधी रंगाने काढलेल्या. बुरुजाला खिडकी दिसत होती, तीही रंगवलेलीच. आबांनी जाऊन भिंतीवर बोटांनी टकटक केलं, कान लावला, मग लेकीकडे मिश्कील नजरेने पाहिलं.

"वर्षू, ही भित हाय का पापड?"

वर्षालीने आपल्या जमान्याची बाजू घेतली. पूर्वी भिंतच छत तोलायची म्हणून ती जाड लागायची. आता तोलायचं काम कॉलम आणि बीम करतात, भिंत नुसता पडदा असते. शिवाय जाड भिंतीत कोनाडे, चोरजिने, काय काय असायचं, कोण कुठे दडलंय कळायचंही नाही.

"आमच्या भिंतीत मांजरसुद्धा मावत नाही, आबा. सगळं कसं उघडं आणि मोकळं."

आबा म्हणाले, व्हय, मांजराला इचारून बघायला पायजे.

३

जुनी वेस मात्र बेरकी होती. वर्षालीला ती पाहताक्षणी आवडली.

नव्या दरवाजातून गाडी सरळ आत जाते. जुन्या वेशीत सरळ जायची सोयच नव्हती. समोरून आलं की बुरुजाला वळसा, मग दरवाजा, मग लगेच पुन्हा काटकोनात वळण. धावत येणाऱ्याचा वेग मोडावा म्हणून. आता त्याच कामाला स्पीडब्रेकर असतो, असं तिने वहीच्या कडेला लिहिलं. फलकावर घालायला बरं. मोठा दरवाजा बंदच होता, त्यातली छोटी दिंडी तेवढी उघडी. दिंडी इतकी बुटकी की आत येणाऱ्याने मान झुकवलीच पाहिजे. आबा सहा फुटी आणि मान न झुकवणारे. टोपी पहिल्याच फेरीत पडली. दुसऱ्या फेरीत पुन्हा पडली. तिसऱ्यांदा आबांनी त्या दिंडीला अशी शिवी हासडली की वर्षालीने इकडेतिकडे कुणी ऐकलं का ते पाहिलं.

आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांचे ओटे, आणि डाव्या ओट्यामागे जिना. जिना भिंतीला लावलेला नव्हता, भिंतीच्या पोटातच कोरलेला होता. लेझरने भिंत मोजली तर अकरा फूट चार इंच भरली. कासारवाडीच्या त्यांच्या हॉलपेक्षा भिंत रुंद, असं वर्षाली म्हणाली, आणि आबांना ते फारच आवडलं.

जिना जेमतेम एका माणसाचा. आबा बॅटरी घेऊन मोजत वर निघाले, ती खाली वही धरून उभी राहिली. त्यांचा डावा गुडघा प्रत्येक पायरीला 'कट' वाजायचा. तो आवाज तिला घरात अंधारातही ओळखू यायचा.

"लाभ," आबा म्हणाले.

वरून, क्षणभर थांबून, प्रतिध्वनी आला. "एक."

"दोन," आबा म्हणाले. वरून, "दोन." तीन, तीन. चार, चार.

वर्षालीने मान वर केली. मग स्वतःशीच हसली. दगडी पोकळीत आवाज फुटतो, मऊ अक्षरं विरघळतात. 'लाभ'मधला भ दगडाने खाल्ला असणार आणि उरलेल्याचं आपल्या कानाने काहीतरी जुळवून घेतलं. कॉलेजात ध्वनीचा एक अख्खा पेपर होता, त्यात हे असंच काहीसं होतं. निदान असायला हरकत नव्हती.

"सतरा," वरून आबा ओरडले. तिने सतरा लिहिलं आणि तीही मोजत वर गेली. सतराच. वर नगारखान्यातून गढी हाइट्सचे आठही टॉवर दिसत होते, त्यांच्या मागे डोंगर, मधे कांद्याच्या चाळी. दोघं पाच मिनिटं वारा खात बसले. मग आबा पुढे, ती मागे, असे मोजत उतरले.

अठरा भरल्या.

४

दोघांना हसूच आलं. लेकीने बापाला चुकीचं ठरवलं, बापाने लेकीला. पुन्हा जोडीने वर गेले, सतरा. पुन्हा खाली, अठरा. वर्षालीने कारण शोधून काढलं: खालचा उंबऱ्याचा दगड उतरताना पायरी वाटतो, चढताना वाटत नाही. मग उंबरा सोडून मोजलं. तरी अठराच.

भूक लागली होती म्हणून वाद ओट्यावर घेतला. डबा उघडला. आबांनी भाकऱ्या मोजल्या, लाभ ते पाच, आणि सोसायटीचा वॉचमन ज्योतीराम तिकडून चालला होता त्याला हाक मारून पाचवी त्याला दिली. ज्योतीराम इथलाच, जुन्या घरातला. त्याची आणि आबांची दहा मिनिटांत गट्टी जमली. कुणाचा मामा कुणाचा साडू हे सगळं निघालं. वर्षाली ऐकत बसली. आबा हातवारे करून बोलत होते, हसताना त्यांच्या मिशीला पिठलं लागलं होतं, आणि तिला वाटलं, आई असती तर ओरडली असती. डोळ्यांत पाणी आलं ते तिने ठेच्यावर ढकललं.

मग तिने ज्योतीरामला विचारलं, जिन्याला पायऱ्या किती?

"न्हाई ब्वा ठाव," तो म्हणाला. "आमी तिथं मोजत न्हाई."

"का?"

ज्योतीराम घास थांबवून तिच्याकडे पाहू लागला. "मोजायचं काय त्यात, ताई? जिना हाय. चढायचा न् उतरायचा."

यावर आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. खरंच, इतकं साधं उत्तर कॉलेजात कुणी दिलं नव्हतं.

५

पण फलकावर आकडा तर घालायचा होता. साधनाताईंचा फोन आला, त्यांनीही नेमकं तेच विचारलं: पायऱ्या किती लिहायच्या? नगारखान्याची उंची बाहेरून लेझरने घ्यायची राहिली होती, आणि ऊन कलायच्या आत तेही व्हायला हवं होतं.

आबांनीच तोड काढली. गोणी मोजताना गोंधळ झाला तर ते गोणीवर खडूने खूण करायचे. तसंच करू. प्रत्येक पायरीवर खडूने आकडा टाकत वर जायचं. उतरताना ज्या पायरीवर आकडा नाही, ती चोर. सदऱ्याच्या खिशात खडू होताच. तो त्यांच्या खिशात पेनापेक्षा जुना होता.

"तू तुजं काम कर, मी खुना करून येतो," ते म्हणाले.

वर्षालीला क्षणभर वाटलं, राहू दे. सकाळपासून तीनदा चढउतार झाली होती, गुडघा दुखत असणार. पण तिला तो आकडा हवा होता.

"जा मग, आबा. आणि नीट मोजा. मला आज पक्का आकडा हवाय."

ती दिंडीच्या बाहेर उभी राहून लेझर धरू लागली. आतून आवाज येत होता. लाभ. त्यावर तो प्रतिध्वनी. दोन, दोन. गुडघ्याचा कट, खडूचा किर्र. ती मापं लिहीत होती, तिचं अर्धं लक्ष होतं. चौदा, पंधरा, सोळा, सतरा.

मग काहीच नाही. आबा वारा खात बसले असतील. तिने कमानीचं माप घेतलं. नगारखान्याकडे पाहिलं, तर तिथे कुणी दिसलं नाही. कठड्याआड बसले असतील. तिने बुरुजाचं माप घेतलं. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पावलं वाजली. हलकी, झपझप उतरणारी. बारा, तेरा, चौदा असे आकडे ऐकू आले आणि तिचा जीव खाली बसला. जीव वर गेला होता हे तिला तेव्हाच कळलं.

दिंडीतून आबा बाहेर आले. मान छान झुकवून. टोपी जागच्या जागी.

"सतरा," ते हसून म्हणाले. "वर सतरा, खाली सतरा. लिव."

"आणि खडूच्या खुणा?"

त्यांनी खडू तिच्या हातात दिला. टोकापासून टोकापर्यंत अख्खा, कोरा. वर्षालीला मजा वाटली. म्हणजे आबा खुणा करायला विसरले आणि आता मापाड्याची अब्रू राखायला दडपून सांगतायत. तो किर्र आवाज बहुधा चपलेचा होता. तिने वहीत सतरा लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. आकडा पक्का झाला.

६

गाडी नव्या दरवाजाशी लावली होती. तिथवर शंभर पावलं दोघं चालत आले. ऊन उतरलं होतं, सोसायटीची पोरं सायकली घेऊन बाहेर पडली होती, साधनाताईंनी लांबून हात केला. वर्षाली बडबडत होती: फलक कसा होईल, आबांचं नाव खाली 'मोजणी साहाय्य' म्हणून कसं घालायचं, परत जाताना चाकणला थांबून गरम भजी खायची का. आबा चालता चालता हं, हं करत होते.

"गुडघा काय म्हणतोय?" तिने विचारलं.

"कोनता? झ्याक हाय."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की शंभर पावलांत तो वाजला नव्हता. बरंच आहे, तिने स्वतःला सांगितलं. एवढ्या चढउताराने मोकळा झाला असेल. डॉक्टर तरी दुसरं काय सांगत होते, चालत राहा.

आबा गाडीत पुढच्या सीटवर बसले, पिशवी मांडीवर घेतली. ती खिडकीतून त्यांना एकेक वस्तू देऊ लागली आणि ते मोजून आत ठेवू लागले.

"एक," टेप. "दोन," लेझर. "तीन," ओळंबा.

वर्षालीचा हात बॅटरीवर तसाच राहिला.

ते तिच्याकडे बघून हसले. तेच डोळे, तीच मिशी, मिशीला वाळलेलं पिठलंही तसंच. हात पुढे करून बसले होते, बॅटरीची वाट पाहत. माणूस दमला की चुकतो, ती म्हणाली, मनात. बाजारातली चौतीस आणि निवृत्तीनंतरची सहा, चाळीस वर्षांत एकदा चुकतो. ती गाडीपासून दोन पावलं मागे सरकली आणि तिची पाठ दरवाजाच्या भिंतीला लागली. सहा इंच. सकाळी तिने स्वतः मोजली होती.

पाठीला काहीतरी जाणवलं. आधी बारीकसं, दातात खडा आल्यावर जाणवतं तसं.

कट.

तिने वळून भिंतीला कान लावला, सकाळी आबांनी लावला होता तसाच. आतून, खूप आतून, दमलेल्या आवाजात कुणीतरी मोजत होतं. पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केल्यासारखं.

लाभ. कट. दोन. कट. तीन.

सायकलीवरची पोरं किलबिलत तिच्या मागून गेली. वरच्या रंगवलेल्या खिडकीवर ऊन पडलं होतं. आतली मोजणी न चुकता चालली होती. पंधरा, सोळा, सतरा. अठरा. मग जरा दम घेऊन, एकोणीस. वीस.

"आबा?" ती भिंतीला म्हणाली.

"काय गं वर्षू?" गाडीतून लगेच उत्तर आलं, गोड, खणखणीत.

भिंतीतली मोजणी थांबली. मग तिच्या कानाच्या अगदी जवळ, रागाने नव्हे, घाबरूनही नव्हे, उलट जरा हसत, दुसऱ्याला आपली काळजी वाटू नये म्हणून आबा हसायचे तसं:

"वर्षू, आजून किती पायऱ्या हायत गं?"